हिरव्या-पांढऱ्या झेंड्यांचं गाव

आमच्या गावात कुणाशीही बोला, पाचव्या वाक्याच्या आत कर्नल ओडमचं नाव निघणारच. कर्नल ओडमने रेल्वेला आमंत्रण दिलं म्हणे, आणि रेल्वे आली म्हणे. खरी गोष्ट एवढीच की इंजिनाला पाणी भरायला जागा हवी होती, समोरच्या गाडीला वाट द्यायला एक सांधा हवा होता, आणि सगळ्या अलाबामात ही जागा बऱ्यापैकी सपाट होती. ओडम तिथे आधीच तंबू ठोकून मजुरांना दारू विकत बसला होता. तो कर्नलबिर्नल काही नव्हता. उत्तर-दक्षिणेच्या लढाईत तो खेचरं विकायचा, आणि तीही दोन्ही बाजूंना. पण खेचरांच्या दलालाचा पुतळा कसा उभारणार? म्हणून कर्नल. गावाचं नाव पडलं ओडम्स स्विच, म्हणजे ओडमचा सांधा. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा म्हणतात. आमच्या तर नावातही सोनं नाही, नुसतं लोखंड आहे.

त्याआधी आमचे वाडवडील दोन मैलांवरच्या जुन्या हेब्रनमध्ये राहायचे. तिथे गोड पाण्याची विहीर होती, सावली होती, दफनभूमी होती. रेल्वे इकडून गेली म्हटल्यावर या लोकांनी काय करावं? घरं उचलली, ओंडक्यांवर चढवली, खेचरं जुंपली आणि ओढत रुळाशी आणली. विहीर मागे राहिली, मेलेलेही मागे राहिले. घरांची तोंडं रुळाकडे केली, म्हणजे व्हरांड्यात बसून गाडी बघता येईल. वाळत घातलेल्या चादरींवर रोज काजळी बसायची, तर बायका ती एकमेकींना कौतुकाने दाखवायच्या. आमच्या चादरी काळ्या, म्हणजे आम्ही सुधारलेले.

मी ऑर्फा स्टबलफील्ड. गावचं पोस्ट मी चालवते. गावाचं पाणी मला चांगलं ठाऊक आहे, कारण कोण कुणाला काय लिहितं यापेक्षा कोण कुणाला काहीच लिहीत नाही, हे पोस्टात आधी कळतं. बसणारं कुणी नसलं, तर गाडी टपालासाठीसुद्धा थांबत नव्हती. रुळाशेजारच्या खांबाला पिशवी टांगायची, गाडी धावता धावता आकड्याने ती ओढून न्यायची आणि आलेली पिशवी दारातून भिरकावून द्यायची. ती कधी खड्ड्यात पडायची, कधी मेयरच्या वाटाण्यांत. गावाला गाडीची किंमत किती आणि गाडीला गावाची किती, हे त्या पिशवीला विचारावं.

नदीपलीकडे गिलीज फेरी. आमच्याहून लहान गाव, पण तिथे संध्याकाळची गाडी थांबते, म्हणून आमच्या लोकांच्या पोटात कायम दुखतं. एका वर्षी पुरात रस्त्याचा पूल वाहून गेला. तो बांधायचा तर निम्मा खर्च आमचा, निम्मा त्यांचा. आमचे मेयर हॉयट टार्प्ली म्हणाले, पूल झाला तर गिलीज फेरीच्या लोकांची सोय होईल. झालं, पूल राहिला. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करण्यात आमच्या गावाचा हात कुणी धरणार नाही.

म्हणजे आता नदी ओलांडायची तर एकच वाट, रेल्वेचा लाकडी पूल. त्याला कठडा नाही, चालायला फळी नाही, स्लीपरांच्या फटींतून खाली पाणी दिसतं. रुळापलीकडच्या काळ्यांच्या वस्तीतली माणसं त्या पुलाने जायची, आणि ती वरवर पाहता नदी ओलांडायला जायची, पण परत यायची नाहीत. ती उत्तरेला जायची, शिकागोला, डेट्रॉइटला. आमच्या स्टेशनवर गाडीत बसायला गेली की गावचा पोलीस, मार्शल, त्यांना खाली ओढायचा, कारण कापूस वेचायला मग कोण राहणार? म्हणून ती पुलावरून चालत गिलीज फेरी गाठायची. माझ्याकडे धुणं करणाऱ्या हेस्टरचा धाकटा मुलगा तसाच गेला. गावातले लोक अजून विचारतात, हल्ली मजूर का मिळत नाहीत.

मग मंदी आली. रेल्वेने आमचा स्टेशनमास्तर काढून टाकला, तारयंत्र उचलून नेलं, स्टेशनच्या खोलीला कुलूप लावलं. पण अगदीच वाऱ्यावर सोडायचं नाही म्हणून त्यांनी एक उपकार केला. स्टेशनच्या खिडकीशी एक झेंडा अडकवून ठेवला, अर्धा हिरवा, अर्धा पांढरा. कुणाला शहरात, बर्मिंगहॅमला, जायचं असेल त्याने तो दुपारच्या गाडीला दाखवायचा, गाडी थांबेल. हात दाखवा, गाडी थांबवा. इतकं सोपं काम, की वाटावं हे कुणी बिघडवूच शकणार नाही.

मेयरच्या बायकोने, इनेझ टार्प्लीने, तो झेंडा पाहिला आणि तिला भरून आलं. ती महिला मंडळाची अध्यक्ष. रेल्वेने आपल्या गावाला स्वतःचा झेंडा दिला, असं तिने मंडळात सांगितलं. मी तिथेच म्हटलं की इनेझबाई, हा झेंडा आपल्याला दिलेला नाही, ड्रायव्हरला दाखवायला दिलाय. तिने माझ्याकडे अशा दयेने बघितलं, जसं काही मी देशभक्तीविरुद्ध बोलले. पिठाच्या पोत्यांचं पांढरं कापड निघालं, दुकानात पडून राहिलेलं हिरवं कापड निघालं, आणि पंधरवडाभर सगळ्या गावात शिवणयंत्रं खडखडत होती. घरटी झेंडे झाले. पाळण्यातल्या पोरांच्या मुठीतसुद्धा झेंडे दिले.

पहिल्या दिवशी गाडी आली, सगळ्या गावाने झेंडे हलवले आणि एवढी मोठी गाडी कचकचून थांबली. गार्ड खाली उतरला. स्टूल ठेवलं, टोपी सारखी केली, म्हणाला, चला, कुणाला बसायचंय? कुणालाच बसायचं नव्हतं. लोक त्याच्याकडे बघून हसत होते. कुणीतरी त्याला थंड ताक देऊ केलं. त्याने स्टूल उचललं, गाडी गेली, आणि गावात रात्रभर त्याचीच चर्चा, की गाडी आपल्यासाठी थांबली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी गार्ड उतरलाच नाही, दारातून ओरडला की असं पुन्हा केलंत तर बघा. मेयर म्हणाले, उत्तरेकडचा दिसतोय, रीतभात नाही. पुढच्या आठवड्यापासून गाडी थांबेनाशी झाली. ड्रायव्हर दोन शिट्ट्या द्यायचा, टोपी काढून हलवायचा आणि धडधडत निघून जायचा. तुम्हाला वाटेल गावाला वाईट वाटलं असेल. छे. त्यांना हेच जास्त आवडलं. थांबली की गाडीला काहीतरी विचारायचं असतं. निघून गेली की नुसतं कौतुक उरतं. ड्रायव्हर आपल्याला टोपी काढतो, असं लोक पाहुण्यांना सांगू लागले. यांना गाडी हवी होती, गाडीत बसायचं नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या यांचं हे असंच आहे.

हे सगळं मी हसत बघितलं असतं, पण माझ्या घरात मोझेल होती.

मोझेल माझ्या बहिणीची मुलगी. आई बाळंतपणात गेली, बाप रेल्वेत डब्यांच्या टपावरून फिरून ब्रेक लावायच्या कामावर होता. एका हिवाळ्यात डब्याच्या टपावर बर्फ साचला होता, त्याच लाकडी पुलावर पाय घसरला आणि तो नदीत गेला. पोर माझ्याकडे आली ती माझीच झाली. अंगाने काटकी, बोलायला कमी, पण एकदा ठरवलं की ठरवलं. बर्मिंगहॅमच्या एका इस्पितळाच्या नर्सिंग शाळेने तिला घेतलं. राहायला, जेवायला, गणवेश सगळं त्यांचं. अट एकच, सोमवारी सकाळी हजर व्हायचं, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला. ती गेली नसती तर पुढे काय, हे मला लख्ख दिसत होतं. टार्प्लीबाईंचा पुतण्या ड्यूई दर रविवारी आमच्या व्हरांड्यात येऊन बसायचा आणि टोपी गुडघ्यावर फिरवत कापसाच्या भावाबद्दल बोलायचा. आणखी दोन वर्षं, की मोझेल त्याच्या व्हरांड्यात, कडेवर पोर आणि पोराच्या हातात झेंडा.

शनिवारी आम्ही गाडीला गेलो. खिडकीजवळचा खरा झेंडा मोझेलच्या हातात. मागे नेहमीप्रमाणे सगळं गाव. मी म्हटलं, आज तरी बाजूला व्हा, आज खरंच कुणीतरी बसणार आहे. तर लोक आणखी खूश झाले आणि पुढे सरकले. गाडी आली. मोझेल पार कडेला जाऊन झेंडा हलवत होती, दुसरा हातही हलवत होती. तिच्यामागे शंभर झेंडे. ड्रायव्हरने दोन शिट्ट्या दिल्या, टोपी काढली, गेला. आकड्याने टपालाची पिशवी ओढली आणि तीसुद्धा गेली. या गावातून पिशवीला जाता येत होतं, माणसाला नाही.

मी डोकं चालवायला लागले. लाल फडकं दाखवून गाडी अडवली असती, पण खोटा लाल झेंडा म्हणजे तुरुंग, आणि तुरुंगातून आलेल्या पोरीला नर्सिंगला कोण घेतो? मेयरची मोटार होती, पण रस्त्याला पूल कुठे होता? मोझेल हळूच म्हणाली, मावशी, रेल्वेच्या पुलावरून चालत जाईन, पलीकडे संध्याकाळची गाडी मिळेल. मी तिला पुढे बोलूच दिलं नाही. ज्याने तिच्या बापाला गिळलं तो पूल. मी जिवंत असेपर्यंत ती त्यावर पाय ठेवणार नाही, असं मी तिला ठणकावलं. उरला तो रविवार.

आणि मग मला सुचलं, आणि इतकं सोपं होतं की मीच कपाळावर हात मारला. गाडी थांबवायला काहीच करायला नको. गावाने फक्त यायचं नाही. एकटी पोर, एका हातात पेटी, दुसऱ्या हातात एकच झेंडा, रिकाम्या फलाटावर उभी दिसली की ड्रायव्हर थांबणारच.

शनिवारी संध्याकाळी मी इनेझ टार्प्लीच्या दारात गेले. आयुष्यात कुणापुढे हात पसरले नाहीत, त्या बाईपुढे पसरले. म्हटलं, इनेझबाई, एक दुपार. एकच दुपार गावाला घरी बसवा. तिने माझे दोन्ही हात हातात घेतले. डोळ्यांत पाणी आणलं.

"मिस ऑर्फा, मोझेल काय तुमची एकटीची आहे?" ती म्हणाली. "आम्हा सगळ्यांची लेक आहे ती. उद्या गावातला एक हात वर होणार नाही, माझा शब्द."

रविवारी पाद्रींनीही वेदीवरून सांगितलं की आज दुपारी रुळाकडे कुणी फिरकू नये. सगळ्या माना डोलल्या. दोघीचौघींनी डोळे टिपले. मेयर उठून उभे राहिले आणि म्हणाले, या गावाने आजवर मोठे त्याग केलेत, हाही करू. मला वाटलं, माणसं वाईट नाहीत, थोडी येडी आहेत इतकंच. मला असं क्वचितच वाटतं आणि दर वेळी मी तोंडघशी पडते.

आम्ही फलाटावर गेलो तेव्हा सगळीकडे शांत होतं. एक कुत्रं सावलीत झोपलं होतं. रुळापलीकडे हेस्टर रविवारची टोपी घालून कुंपणाशी उभी होती. ती वस्ती कधी झेंडे हलवत नसे, नुसती बघायची. लांबून शिट्टी ऐकू आली. मोझेलने झेंडा उचलला.

आणि दुकानाच्या मागून एक बाई आली. मग गिरणीमागून दोघी आल्या. मग कापसाच्या गोदामामागून, चर्चच्या कोपऱ्यावरून, पुतळ्यामागून. प्रत्येकाला वाटलं होतं की बाकी कुणी येणार नाही, मग मी एकटीच पटकन निरोप देऊन आले तर काय बिघडतंय? एवढी आपली पोर जातेय आणि तोंड दाखवायचं नाही? आता एवढे सगळे एकमेकांना बघून आधी वरमले आणि मग आनंदले. इनेझ टार्प्ली सर्वांत पुढे, एका हातात नारळाचा केक, दुसऱ्या हातात झेंडा. मी ओरडले, झेंडे खाली घ्या. बहुतेकांनी घेतलेही. पण गाडी वळणावर दिसली, शिट्टी झाली, आणि या लोकांचे हात काही यांच्या ताब्यात नाहीत. एकेक करत सगळे वर गेले. झेंडेच झेंडे.

ड्रायव्हरने दोन शिट्ट्या दिल्या. टोपी काढली. आज रविवार म्हणून त्याने ती जरा जास्त वेळ हलवली.

गाडी गेली, धूळ खाली बसली. मग इनेझबाई म्हणाल्या, "आम्हाला वाटलं, एक झेंडा त्याला दिसत नसेल. सगळ्यांनी मिळून हलवला तर नीट दिसेल."

शिव्या मला येतात, पोस्टात बसून सगळ्या शिकले आहे, पण त्या बाईच्या तोंडावर इतकं निर्मळ समाधान होतं की एकही शिवी जिभेवर येईना. हिला हाणायचं म्हटलं तरी हात कुठे लागणार? पालथ्या घड्यावर पाणी. मागे कुणीतरी म्हणत होतं, पाहिलंत का, आज टोपी किती वेळ हलवली.

मोझेलने हातातला झेंडा खिडकीशी होता तिथे परत अडकवला. इनेझबाईंनी दिलेला केक टपालाच्या खोक्यावर ठेवला. मग खाली बसली, बूट काढले, लेस एकमेकांना बांधून ते पेटीच्या कडीला अडकवले. मला तेव्हाच कळलं.

"मोझेल," मी म्हटलं.

"गिलीज फेरीला जाते, मावशी. संध्याकाळची गाडी तिथे थांबते. तिथे झेंडे नाहीत."

मेयर पुढे आले. म्हणाले, पोरी, ओडम्स स्विचची मुलगी गिलीज फेरीहून गाडी पकडणार, लोक काय म्हणतील? आम्ही रेल्वेला कडक पत्र लिहितो, पुढच्या महिन्यापर्यंत सगळं सुरळीत होईल. ती त्यांच्या बाजूने निघून गेली, जशी माणसं खांबाच्या बाजूने जातात. मी तिचा दंड धरला. पूल, एवढाच शब्द माझ्या तोंडून निघाला. तेव्हा कुंपणापलीकडून हेस्टर बोलली. हेस्टर गोऱ्यांच्या घोळक्यात कधी तोंड उघडत नसे.

"दुपारची गेली की संध्याकाळपर्यंत पूल मोकळा असतो, मिस ऑर्फा. माझा पोरगा तसाच गेला." मग मोझेलकडे बघून म्हणाली, "स्लीपरकडे बघायचं, बाळ. फटींकडे नाही."

मी दंड सोडला. माझे गुडघे त्या वाटेला कामाचे नव्हते, नाहीतर मीही गेले असते. ती पोचली, हे आधीच सांगून टाकते, उगाच तुमचा जीव टांगणीला नको. पोचली, शिकली, आणि या गावात परत आली नाही. त्याबद्दल तिला कुणी बोल लावू नये.

पण तेव्हा ते मला ठाऊक नव्हतं. तेव्हा ती नुसती रुळांतून चालत होती, अनवाणी, पेटी या हातातून त्या हातात घेत, आणि दर पावलाला लहान होत होती. पूल पुढे तोंड वासून होता. मागे इनेझ टार्प्ली सगळ्यांना म्हणाल्या, चला, निरोप तरी नीट देऊ या. आणि पुन्हा सगळं गाव झेंडे हलवायला लागलं.

मी आयुष्यात तो झेंडा हातात धरला नव्हता. मंडळाने माझ्यासाठी शिवलेला मी चुलीची राख उचलायला वापरला. पण मोझेल पुलाच्या तोंडाशी थांबली, मागे वळली आणि डोळ्यांवर हाताची सावली धरून आमच्याकडे बघू लागली. ती मला शोधत होती. मला एवढंच कळलं की तिला मी दिसायला हवी. मी इनेझबाईंच्या हातातून झेंडा हिसकावला आणि हलवायला लागले, खांद्यातून हात निखळेल इतका. मोझेल, मोझेल, असं ओरडतही होते. सगळेच ओरडत होते.

ती बराच वेळ बघत राहिली. एवढ्या झेंड्यांत माझा कुठला, हे तिला कसं कळावं? शेवटी तिने सगळ्या गावाला मिळून एकदा हात केला, त्या ड्रायव्हरसारखाच, आणि वळून पुलावर चढली.